कार्डावरची दोन घरं

जगन राठोड सरांनी रायफलीवरचे स्क्रू सैल केले तेव्हा यास्मीनला वाटलं, सर दुर्बिणीची काच पुसणार आहेत. सरांनी दुर्बीण काढली, फडक्यात गुंडाळली, कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं.

"आता हिला विसरा," ते म्हणाले. "जिल्ह्याच्या निवडीत दुर्बीण चालत न्हाई. म्होरं माशी, मागं खाच, आन् त्याच्या मागं तुमचा डोळा. चौथं काई न्हाई."

वसमतच्या मोंढ्यामागं, शेतमालाच्या बाजारामागं, हळदीचं एक जुनं गोदाम आहे. हळद तिथून हलली, पण कोपऱ्यांतली पिवळी भुकटी काही केल्या निघाली नाही. फौजेतून निवृत्त झाल्यावर जगन सरांनी गोदामाचा अर्धा भाग भाड्यानं घेतला आणि छर्र्याच्या रायफलीचा क्लब सुरू केला. ते सिद्धेश्वर धरणाजवळच्या तांड्यावरचे. नव्या पोरांना ते आधी दुर्बीण लावूनच शिकवत. दुर्बिणीत आपला श्वास दिसतो, आपली थरथर दिसते, असं त्यांचं म्हणणं. श्वास ताब्यात आला की मग दुर्बीण उतरवायची.

यास्मीनचा श्वास कधीच ताब्यात आला होता. शिरड शहापूरहून एसटीनं येणारी ही बारावीची मुलगी वर्षभर क्लबात सगळ्यांच्या पुढं होती. कार्डाच्या मधला काळा गोल ती छर्र्यांनी उडवून टाकायची. जिल्ह्याच्या संघात तीन मुली घ्यायच्या होत्या, आणि शालेय गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष होतं. गावात आणि बाजारात तिला फुगेवाल्याची पोरगी म्हणत. संघाच्या यादीत यास्मीन हाशिम शेख असं लिहिलेलं तिला पाहायचं होतं. हे तिनं फक्त ज्योतीला सांगितलं होतं.

सरांनी फळ्यावर खडूनं काढून दाखवलं. नळीच्या टोकावर लोखंडाचा बारीक उंचवटा असतो, ती माशी. डोळ्याजवळच्या पट्टीत कोरलेली असते ती खाच. माशी खाचेच्या मधोमध उभी करायची, दोन्हींचे माथे एका रेषेत आणायचे आणि कार्डावरचा काळा गोल त्यावर टेकवायचा.

"माशी साफ दिसली पायजे. गोल धुकाट दिसला तर दिसू द्या. गोल काई पळून जात न्हाई."

पहिल्याच कार्डावर काहीतरी बिघडलं. निम्मे छर्रे बरोबर मध्ये बसले होते, एकमेकांना खेटून. उरलेले निम्मेही एकमेकांना खेटूनच बसले होते, पण गोलाच्या बाहेर, डावीकडं खाली. मधल्या पट्ट्यात एकही भोक नव्हतं.

सरांनी कार्ड उजेडात धरलं. "हे दोघी जणींनी मारलं काय?"

"न्हाई सर. मी एकटीच."

त्यांनी रायफल हातात घेऊन स्वतः मारून पाहिलं. छर्रे मध्ये गेले. मग ज्योतीला मारायला लावलं. ज्योती वसमतचीच, यास्मीनच्या वर्गातली. तिचे छर्रे विखुरलेले होते, पण विखुरले होते ते मध्याभोवतीच. रायफलीत दोष नव्हता.

"पसरलेलं कार्ड मला समजतं," सर म्हणाले. "हात हालला म्हणायचं. समदेच येका बाजूला गेले तरी समजतं. खाच फिरवायची, मोकळं व्हायचं. पण दोन घरं? खाच फिरवली तर दोन्ही घरं सरकतील. फौजेत येवढी वर्सं काढली, येका माणसाची दोन घरं मी पाह्यली न्हाईत."

त्यांनी तिचे पाय तपासले, गाल दस्त्याला कुठं लागतो ते पाहिलं, बोट ट्रिगरवर कसं येतं ते पाहिलं. चष्मेवाल्याकडून डोळे तपासून आणायला लावले. डोळे चांगले होते. पुढच्या वेळीही कार्डावर दोन घरं पडली. त्याच्या पुढच्या वेळीही.

"दुर्बिणीच्या दुःखात बसलीस व्हय?" ज्योती म्हणाली. "बारशाला बोलवलं न्हाईस, निदान तेराव्याला तरी बोलव."

"गप गं."

"दुर्बिणीत तर आमच्या मावशीची म्हैस बी नेम धरल."

ज्योती चेष्टेत बोलली, पण ते यास्मीनला लागलं. एसटीत खिडकीला डोकं टेकवून ती तेच घोकत राहिली. वर्षभर जो नेम आपला म्हणून मिरवला, तो काचेचा होता की काय?

निवडीच्या आधी दसरा आला. हिंगोलीचा दसरा बरेच दिवस चालतो, आणि त्याचं मैदान म्हणजे यास्मीनच्या अब्बांसाठी, हाशिम शेखसाठी, वर्षातला मोठा बाजार. आकाशपाळणे, खेळण्यांची दुकानं आणि भज्यांच्या कढया यांच्यामध्ये दरवर्षी त्याचं फुग्यांचं दुकान लागे. एक उभी फळी, तिच्यावर रांगेनं फुगे, समोर बाकडं, बाकड्यावर छर्र्याची बंदूक. मागं कनातीआड यास्मीनची अम्मी, हाजराबी, फुगे फुगवत बसे. आणि यास्मीन जाहिरात करी.

जाहिरात अशी. गिऱ्हाईक नेम चुकलं की कुरकुर करतं, बंदूक वाकडी आहे म्हणतं. त्या क्षणी हाशिम पोरीच्या हातात बंदूक देई. यास्मीन उभ्या उभ्या तीन फुगे फोडी. हाशिम हात उंचावून ओरडे, "बघा, बंदूक सरळ हाय! लेकरू फोडून राहिलं, तुमाला काहून जमंना?" मग मिशीवाले बाप्ये चिडून पुन्हा छर्रे घेत. पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा यास्मीनची मान बाकड्याच्या वर जेमतेम येत होती.

बंदूक सरळ नव्हती. फार वर्षांपूर्वी एका जत्रेत ती टेम्पोतून पडली आणि माशी वाकली. छर्रा वर, उजवीकडं जाऊ लागला. त्या दिवशी दुकान जोरात चाललं, म्हणून हाशिमनं ती दुरुस्त केली नाही. एखादं लहान पोर शेवटचा छर्रा घेऊन रडवेलं झालं तर तो वाकून त्याच्या कानात सांगे, "थोडं डावीकडं, थोडं खाली." मोठ्यांना सांगत नसे.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी ज्योती मावशीबरोबर मैदानावर आली. यास्मीनला पाहून तिनं बाह्या सरसावल्या.

"काका, छर्रे द्या. क्लबची खेळाडू हाय म्हणलं मी. आज तुमची फळी रिकामी करते."

तिनं सरांनी शिकवलेलं सगळं केलं. पाय रोवले, श्वास सोडला, माशी साफ पाहिली. एकही फुगा फुटला नाही.

"तुज्या अब्बाची बंदूक वाकडी हाय!"

हाशिमनं सवयीनं बंदूक यास्मीनकडं दिली. सवयीनंच यास्मीननं ती उचलली. फट. फट. फट. "बघा, बंदूक सरळ हाय!" हाशिम गर्दीकडं वळून ओरडला.

ज्योती हसली नाही. ती बाकड्याला वळसा घालून यास्मीनच्या खांद्याशी आली.

"अजून येक मार. पण दाबू नको. नुसता नेम धर."

यास्मीननं धरला.

"माशी कुठं हाय?"

"फुग्यावर."

"सर म्हणतात तशी बघ. साफ बघ. कुठं हाय?"

यास्मीननं फुग्यावरची नजर काढून माशीवर आणली. लाल फुगा धुकाट झाला. माशी काळी, स्वच्छ उभी राहिली. ती फुग्यावर नव्हती. फुग्याच्या डावीकडं, खाली, फळीच्या उघड्या लाकडावर होती.

तिनं बंदूक खाली केली आणि पुन्हा उचलली. माशी पुन्हा त्याच लाकडावर आली. तिला मात्र ती फुग्यावर आहे असंच वाटत होतं. ती खोटं बोलत नव्हती. इतकी वर्षं तिला तसंच दिसत होतं.

"डावीकडं, खाली," ज्योती हळू म्हणाली. "तुज्या कार्डावरचं दुसरं घर."

दुर्बिणीत वर्षभर काहीच का बिघडलं नाही, ते यास्मीनला त्या बाकड्याशी उभ्या उभ्या कळलं. अब्बांच्या बंदुकीला दुर्बीण नव्हती. दुर्बिणीतून पाहताना हाताला दुकान आठवत नव्हतं. पुढं माशी दिसली की हात दुकानात जात होता.

दुसऱ्या दिवशी तिनं वसमतला जाऊन सरांना सगळं सांगितलं. सर आधी मोठ्यानं हसले. मग त्यांनी खुर्ची ओढली.

"किती वर्सं मारून राह्यली तू त्या बंदुकीनं?"

"कळायला लागल्यापासून."

"मंग हाताला समजावून उपेग न्हाई. त्यो तुज्यापेक्षा शहाणा हाय." त्यांनी कार्डांचा गठ्ठा घेतला आणि एकेक कार्ड उलटं करून ठेवलं, कोरी पांढरी बाजू वर. "आजपासून तुला गोल न्हाई. कोऱ्या कागदावर मारायचं. खाचेत माशी, बस. छर्रा कुठं बी जाऊ दे. ज्याला चुकवायचं तेच समोर नसलं तर हात काय दुरुस्त करल?"

"आन् घरी?"

"घरी चुन्याच्या भिताडाकडं बंदूक धरून उभी राहा. दाबायचं न्हाई. आन् ऐक, फुगा येक बी फोडायचा न्हाई. येका हातात दोन बंदुका राहत न्हाईत."

दसऱ्याची गर्दी ऐन भरात होती. त्या संध्याकाळी एका गिऱ्हाइकानं बंदूक बाकड्यावर आपटली आणि वाकडी आहे म्हणून गलका केला. हाशिमनं हात मागं केला. त्या हातातली बंदूक घ्यायला कोणी पुढं आलं नाही.

"यास्मीन!"

"मी न्हाई मारणार, अब्बा."

"काय झालं? बरं न्हाई का?"

"बरी हाय. निवड होईतोवर मारणार न्हाई."

हाशिमनं गर्दीकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं, आवाज खाली आणला. "माणसं बघून राह्यली. तीन फुगे. फक्त तीन."

"एक बी न्हाई. मारला की हात बिघडतो."

"या बंदुकीनं तुला नेम शिकवला, आन् हीच बिघडवती?"

"व्हय, अब्बा. हीच."

गिऱ्हाईक आता खूश होऊन हसत होतं. "पोरीलाच खात्री न्हाई!" कोणीतरी टाळी दिली. माणसं पांगायला लागली. हाशिम पोरीकडं वळला. तो काही बोलणार, तेवढ्यात कनात हलली आणि हाजराबी बाहेर आली. हातात अर्धा फुगवलेला पिवळा फुगा होता. तो तिनं हाशिमच्या हातात दिला.

"हे बांधा," ती म्हणाली. "बंदूक इकडं आणा."

"तू?"

"लग्न झाल्यापासून मागं बसून फुगेच फुगवून राह्यली मी. तुमी जेवायला गेल्यावर कोण मारत होतं, या पोरीला कोणी शिकवलं, कधी इचारलं का?"

तिनं पदर खोचला, नळी खाली वाकवून छर्रा भरला आणि बंदूक खांद्याला लावली. फट. फट. फट. चौथा तिनं आपल्या मर्जीनं फोडला. पांगणारी माणसं थांबली, मग परत फिरली. गलका करणाऱ्या गिऱ्हाइकानं चौथ्या फुग्याला पुन्हा छर्रे घ्यायला खिशात हात घातला.

"बघा," हाशिम घसा साफ करून ओरडला, "बंदूक सरळ हाय!" फुगा अजून त्याच्या हातातच होता. सुटून तो फुर्रकन भज्यांच्या कढईकडं गेला.

यास्मीन घरी परतली ती भिंतीसमोर उभी राहायला. दसरा संपल्यावर दुकानाची बंदूक घरातच असायची. तिच्यात छर्रा न घालता ती रोज चुन्याच्या भिंतीकडं धरून उभी राही. समोर काहीच नाही, नुसतं पांढरं. खाचेत माशी, दोन्ही बाजूंना सारखी फट, माथे एका रेषेत. हात भरून आला की खाली करायचं, पुन्हा उचलायचं. शेजारच्या बाया विचारत, "भिताडात काय दिसून राह्यलं गं?" ती म्हणे, "माशी." त्या झटकायला फडकं शोधत.

क्लबात कोऱ्या कार्डांवर छर्रे कुठंही जात आणि कोणी ते मोजत नसे. हे काम किती कंटाळवाणं होतं ते बाकीच्या पोरांच्या तोंडावर दिसे. यास्मीननं तक्रार केली नाही. दिवाळीची सुट्टी जवळ आली तेव्हा सरांनी एक कार्ड सुलट लावलं. काळा गोल बऱ्याच दिवसांनी समोर आला.

पुन्हा दोन घरं पडली. पण डावीकडचं घर लहान झालं होतं.

पुढच्या खेपेला ते आणखी लहान झालं. एकदा तर नव्हतंच. यास्मीन खूश झाली. त्याच्या पुढच्या वेळी डावीकडं खाली पुन्हा दोन भोकं होती.

"मोडलं न्हाई सर. लहान झालं, पण मोडलं न्हाई."

"न्हाई मोडणार," सर म्हणाले. "येवढ्या जुन्या घराला कुलूप लागलं तरी लई झालं. आता मला येक सांग. चुकायच्या आधी तुला कळतं का?"

तिनं विचार केला. "कळतं. चुकताना बरोबर वाटतं. बरोबर असलं की चुकल्यासारखं वाटतं."

"मंग झालं की. वाटू दे. तू फक्त बघ."

निवड हिंगोलीला एका सभागृहात झाली. खिडक्या पडद्यांनी झाकल्या होत्या आणि कार्डांवर दिव्यांचा सारखा उजेड होता. तालुक्यातालुक्यांतून मुली आल्या होत्या. कळमनुरीची एक मुलगी पहिल्यापासून शांतपणे छान मारत होती. ज्योतीचाही हात चांगला लागला होता. यास्मीननं आजूबाजूला पाहायचं बंद केलं.

पहिली कार्डं नीट गेली. प्रत्येक छर्र्याला ती एकच करत होती: गोल धुकाट होऊ द्यायचा, माशी पाहायची. मधल्या एका कार्डावर एक छर्रा डावीकडं खाली गेला. ट्रिगर दाबताना तो अगदी बरोबर वाटला होता. तिनं भोकाकडं पाहिलं, जीभ चावली आणि पुढचा छर्रा भरला.

शेवटच्या कार्डावर एकच छर्रा उरला. तिनं रायफल उचलली, श्वास अर्धा सोडला आणि नेम इतका सहज बसला की बोट आपोआप आवळायला लागलं. सगळं जागच्या जागी वाटत होतं. म्हणून तिनं माशी पाहिली. ती गोलाखाली नव्हती. केसभर डावीकडं, केसभर खाली होती.

तिनं रायफल खाली केली.

पुन्हा उचलली. पुन्हा तेच. हात दुकानात गेला होता आणि परत यायला तयार नव्हता. तिनं पुन्हा खाली केली. शेजारच्या जागांवरच्या मुली संपवून बाजूला झाल्या होत्या. वेळ पाहणाऱ्या माणसानं शेवटचं मिनिट पुकारलं. मागं बसलेल्या सरांनी मांडीवरचे हात घट्ट धरले. बोलायची परवानगी नव्हती.

तिसऱ्यांदा उचलताना तिनं कार्डाकडं पाहिलंच नाही. समोर चुन्याची भिंत आहे असं धरलं. खाचेत माशी, दोन्ही बाजूंना सारखी फट, माथे एका रेषेत. मग त्या जोडीवर काळा धुकाट गोल येऊन टेकला. तिचं सगळं अंग सांगत होतं की छर्रा वर उजवीकडं जाणार, फुगा वाचणार, गिऱ्हाईक हसणार. माशी मात्र मधोमध होती. तिनं माशीवर विश्वास ठेवला आणि दाबलं.

छर्रा दहा गुणांच्या ठिपक्यात गेला.

यादी लागली तेव्हा पहिली कळमनुरीची मुलगी होती, दुसरी ज्योती, तिसरी यास्मीन हाशिम शेख. चौथी अगदी थोडक्यात राहिली. ती औंढ्याची होती आणि भिंतीकडं तोंड करून रडत होती. यास्मीन तिच्याजवळ जाऊन थोडा वेळ उभी राहिली.

पुढच्या सरावाला हाशिम पेढे घेऊन क्लबात आला. गोदामात शिरताना त्यानं चपला बाहेर काढल्या, मग सगळ्यांच्या पायात बूट पाहून पुन्हा घातल्या. सरांनी यास्मीनचं शेवटचं कार्ड जपून ठेवलं होतं, ते दाखवलं. मध्ये एकच भगदाड होतं. हाशिमनं ते बराच वेळ पाहिलं.

"सर, या बंदुकीची माशी सरळ हाय ना?"

"एकदम सरळ."

"मंग त्यात काय कमाल!" हाशिम म्हणाला. "सरळ बंदुकीनं कोणी बी मारल."

ज्योतीला पेढा खाताना ठसका लागला. सरांनी नवं कार्ड लावलं आणि रायफल हाशिमच्या हातात दिली. हाशिम हसला. बाह्या मागं सारून, एक पाय पुढं टाकून तो जत्रेत उभा राहतो तसा उभा राहिला आणि भराभर छर्रे मारले. हात जराही हलला नाही.

सरांनी कार्ड आणून टेबलावर ठेवलं. त्याच्या बाजूला यास्मीनचं दसऱ्याच्या आधीचं, दोन घरांचं कार्ड ठेवलं. हाशिमच्या कार्डावर घर एकच होतं. सगळे छर्रे एकमेकांना खेटून, गोलाच्या बाहेर, डावीकडं खाली. पोरीचं दुसरं घर होतं त्याच जागी.

हाशिमनं एका कार्डावरून दुसऱ्या कार्डावर नजर फिरवली. रायफल उचलून टोकावरची माशी निरखून पाहिली.

"ही बंदूक वाकडी हाय," तो म्हणाला.

यास्मीननं रायफल त्याच्याकडून घेतली, नळी खाली वाकवून छर्रा भरला आणि ती परत त्याच्या हातात दिली.

"गोलाकडं नका बघू, अब्बा," ती म्हणाली. "माशीकडं बघा."